पायरीवरची सुनावणी

आटपाडीकडच्या एका कचेरीत मी मामलेदार असताना आमचा पट्टेवाला पक्षकारांना दारातच कायदा शिकवायचा. पट्ट्याचा पितळी बिल्ला अंगठ्यानं घासत सांगायचा, "रीतसर चौकशी म्हंजी तुमी बोलल्यालं समदं सायेब लिवून घेनार. संक्षिप्त म्हंजी कामापुरतंच लिवनार. आन साधी चौकशी सायबाच्या मनावर." कायद्याच्या पुस्तकात या तीन व्याख्यांना दीड पान लागलं होतं. मला त्याचा जरा हेवाच वाटे.

एकदा मेंढरं राखणाऱ्या घरातली एक म्हातारी आली. शेजाऱ्यानं मेंढरांच्या वाटेवर काटेरी फांद्या टाकल्या होत्या. चौकशी संक्षिप्त होती. ती लग्न होऊन गावात आली तिथून तिनं सुरुवात केली, तसं मी तिला थांबवलं, चार ओळी लिहिल्या आणि वाट मोकळी करायचा हुकूम दिला. जिंकूनही ती खट्टू होऊन बाहेर गेली.

जेवणाची सुट्टी झाली होती. पट्टेवाल्यानं खुंटीवर टांगलेला पट्टा पुन्हा चढवला, तिच्या नावाचा खणखणीत पुकारा केला आणि पायरीवर तिच्यासमोर बसला.

"हां आजी, लगीन हून आलासा. फुडं?"

त्याची भाकरी फडक्यात तशीच राहिली. म्हातारी घडाघडा बोलली, दोनदा हसली आणि पदर सावरत गावाकडं निघाली.

मी थट्टेनं विचारलं, "ही कुठल्या कलमाखालची चौकशी रे?"

"न्हाई सायेब," तो पट्टा उतरवत म्हणाला, "चौकशी तुमीच केली. मी निस्तं ऐकलं."