सही करू नकोस, असं मी सांगितलं

माझी मुलगी आयर्लंडमधल्या एका लहान गावात नर्स आहे. काजूच्या हंगामात एका सकाळी मी बोंडं फेणीच्या भट्टीवर पाठवून सोप्यावर येऊन बसलो होतो, तेव्हा तिचा फोन आला.

"बाबा, काल दारार एक बाय आयिल्ली. मत मागूंक."

"कोणाकडे?"

"माजेकडे."

"तुजें मत खंयचें थंय?"

तिने समजावून सांगितलं. त्या देशात गावपातळीच्या निवडणुकीत तिथे राहणारा कोणीही मत देऊ शकतो, नागरिक असो वा नसो. फक्त एक कागद भरून, सही करून यादीत नाव घालायचं. माझ्या मनात पाल चुकचुकली. परक्या माणसाला मत देऊ देणारं सरकार मी ऐकलं नव्हतं. आपल्याच माणसाचं नाव यादीतून उडवलेलं मात्र पाहिलं होतं.

ती बाई तिथली नगरसेविका. तिने विचारलं, तुझी अडचण काय? मुलीने सांगितलं, सकाळची पहिली बस. ती बस बंद करायचा घाट चालला होता. मुलीची ड्युटी साडेसातला सुरू होते, हॉस्पिटल घरापासून पाऊण तास चालत, आणि हिवाळ्यात तिथे आठपर्यंत काळोख असतो. वाटेतल्या अर्ध्या रस्त्याला पदपथ नाही. गाड्या अंगावरून गेल्यासारख्या जातात. बाईने हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि नोंदणीचा कागद ठेवून गेली.

"बरोबर माणसां किती आसलीं?"

"एकटीच. सायकलीर आयिल्ली."

उमेदवार, आणि बरोबर ना गाडी ना चार कार्यकर्ते. मला हे जास्तच संशयास्पद वाटलं.

माझा स्वभाव असा का झाला, हे सांगायला हवं. सव्वीस वर्षं मी डिचोलीकडच्या एका खाणीच्या काट्यावर काढली. ट्रक काट्यावर चढायचा, मी वजन लिहायचं, एवढंच काम. पण रिकाम्या ट्रकचं वजन करताना एक चाक हळूच काट्याबाहेर राहायचं, आणि भरलेल्या ट्रकचं वजन करताना ड्रायव्हरचा जाडा मेहुणा केबिनीत झोपलेला असायचा. मी ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघायचो नाही, चाकांकडे बघायचो. खाण बंद झाली, मी कोरगावला घरी येऊन बसलो, तरी ती खोड गेली नाही. माणूस हसून बोलायला लागला की मी त्याचं कुठलं चाक बाहेर आहे ते शोधतो.

त्यात मी पूर्वी केलेल्या एका सहीने भर घातली. आमच्या वाड्यावर उन्हाळ्यात नळाला पाणी नसायचं. दोन गृहस्थ आले, पाइपलाइनसाठी अर्ज करतोय म्हणाले, सगळ्यांच्या सह्या हव्यात. मी त्यांना लिंबाचं सरबत दिलं आणि सही केली. पंधरा दिवसांनी पेपरात फोटो, आणि खाली आमच्या वाड्यावरच्या लोकांनी अमुक पक्षात प्रवेश केल्याची बातमी. यादीत माझं नाव चौथं. शेजारी दुसऱ्या पक्षाचा, त्याने माझ्याशी बोलणं टाकलं. त्याच्या मुलाच्या मुंजीचं आमंत्रण समोरच्या घरापर्यंत आलं आणि तिथूनच परत फिरलं. पाणी काही आलं नाही. वर्ष सरायच्या आत ज्या आमदारासाठी हे सगळं झालं तोच उडी मारून दुसऱ्या पक्षात गेला. मी कागदावर अजून जुन्याच पक्षात असेन.

आणि माझा चुलतभाऊ. त्याने म्हापशाच्या एजंटाकरवी गोव्यातल्या जुन्या पोर्तुगीज राजवटीच्या आधारावर पोर्तुगालात जन्म नोंदवून तिथलं नागरिकत्व घेतलं, मुलांचं भलं होईल म्हणून. त्यात आपण भारताचे नागरिक राहत नाही, हे त्याला कोणी धड सांगितलं नाही. पंचायतीच्या निवडणुकीआधी विरोधी गटाने हरकत घेतली आणि यादीतून त्याचं नाव गेलं. आता तो स्वतःच्या घरात परका म्हणून राहतो, स्वतःच्याच माडाखाली. आमच्या पेडणे तालुक्यात अशी घरं शोधायला लांब जावं लागत नाही. म्हणून परदेशातला मतदारयादीचा कागद म्हटल्यावर मला एकच दिसलं: उद्या हिचा भारतीय पासपोर्ट जाणार, आणि परवा हिच्या नावावर केलेली काजूची जमीन.

"सही करू नकोस," मी सांगितलं.

"बाबा, ती म्हणता पासपोर्टाचो कायच संबंद ना."

"तशें म्हणटलेंच ती. तिका तुजें मत मेळूंक जाय."

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "तुमी तिका उगीच भियेवंक लायतात. कोणाक तरी विचारा आदीं."

मी कोणाला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मुलीचा पुन्हा फोन आला तेव्हा मात्र मी म्हणालो की म्हापशाच्या वकिलाला विचारलंय, तोही नको म्हणाला. असा वकील नव्हता. म्हापशाला मी त्या महिन्यात गेलोच नव्हतो. माझ्या साध्या शब्दावर ती ऐकणार नाही, याची मला भीती वाटली, म्हणून मी वकील उभा केला.

तिने सही केली नाही. तिच्या खोलीत सावंतवाडीची एक मुलगी राहते, तिलाही हिने वकिलाचं मत सांगितलं, तिनेही केली नाही. नोंदणीची मुदत संपली. पोरगी एवढ्या लांब गेली तरी बापाच्या शब्दाबाहेर नाही, याचा मला तेव्हा अभिमान वाटला. आता तो आठवला की लाज वाटते.

कोपऱ्यावरच्या हॉटेलात मी ही गोष्ट सांगितली आणि आठवडाभर तिथे आयर्लंडची निवडणूक चालली. आपल्याकडे कोण निवडून येणार यावर बोललं तर कोणीतरी कोणाच्या तरी कानावर घालतो. तिथल्यावर बोलायला कसली भीती? उंड्या पावाबरोबर पातळभाजी खात लोक त्या बाईचं भवितव्य ठरवत होते.

"वाडो खंयचो तिचो?" एकाने विचारलं.

वाडा मला माहीत नव्हता, मी पक्ष सांगितला: ती एका लहान पक्षाची. तिथले दोन जुने मोठे पक्ष पिढ्यानपिढ्या एकमेकांविरुद्ध लढले आणि आता एकाच सरकारात बसलेत, त्यांच्याबरोबर हा तिसरा.

"मागीर पडतली ती," हॉटेलवाला म्हणाला. "व्हडल्यांचो राग ल्हानाचेर निगता."

मतदानाची पद्धतही मी मुलीकडून समजून घेऊन सांगितली. तिथे एका नावापुढे खूण केली की मत संपत नाही. आवडीप्रमाणे एक, दोन, तीन आकडे घालायचे. पहिला पडला की तुमचं मत दुसऱ्याकडे जातं. म्हणून मोजणीला दिवसच्या दिवस लागतात. यावर हॉटेलवाला म्हणाला, "आमगेले आमदार पक्ष बदलतात, थंय मतच बदलता." सगळे हसले, मीही हसलो. आपण शहाणे, याची त्या हसण्यात सगळ्यांना खात्री होती.

मतदानाच्या आधी बसवरून तिथल्या शाळेत एक सभा झाली. मुलगी गेली होती. सगळे उमेदवार एका रांगेत बसले आणि लोक त्यांना उभं राहून जाब विचारत होते, तुम्ही सत्तेत असताना ही बस बंद करायचं ठरलंच कसं? ती बाई म्हणाली की तिने वर भांडून पाहिलं, तिला यश आलं नाही, पुन्हा भांडेन. मी म्हटलं, हे तर आमचेही बोलतात. मुलगी म्हणाली, "होय बाबा, तशेच ते. पूण थंय बसून आयकूंक पडता."

मग सभा चालवणाऱ्या मास्तरांनी विचारलं, इथल्या किती जणांची नावं यादीत आहेत? म्हणजे उमेदवारांनाही कळेल. हात वर झाले. मुलीच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या केरळच्या नर्सचाही झाला. बस जिला सगळ्यात जास्त हवी होती ती माझी मुलगी हात मांडीवर ठेवून बसली. हे तिने मला तक्रार म्हणून सांगितलं नाही, सभेचं वर्णन करता करता सांगितलं. मी विषय बदलला आणि जेवलीस का ते विचारलं.

बाई पडली. शेवटच्या फेरीपर्यंत टिकली होती, हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी गेली. हॉटेलात माझी पाठ थोपटली गेली, आमचा अंदाज खरा ठरला म्हणून. मी घरी येताना मनात बोटं मोजत होतो. दोन तर माझ्या मुलीच्या खोलीतलीच होती.

निवडून आलेल्या माणसाला गावाच्या दुसऱ्या बाजूने मतं दिलेली, त्याने त्या बाजूचं बघितलं. थंडी सुरू व्हायच्या आत पहिली बस बंद झाली.

दरम्यान आमच्याकडेही निवडणुकीचे वारे वाहू लागले. पक्ष बदलून गेलेले आमदार दारात आले, त्यांनी सोप्यावर बसून माझ्या गुडघेदुखीची चौकशी केली. नळाचं काय झालं, असं विचारायचं माझ्या ओठांवर होतं. मी विचारलं नाही. "तुमकांच आमचें मत," मी म्हणालो, आणि त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. ते गेल्यावर विरोधी उमेदवार आला, त्यालाही तेच सांगितलं. आमच्या गावात कोणी कोणाला नाही म्हणत नाही आणि कोणी कोणाला जाबही विचारत नाही. याला मी आयुष्यभर हुशारी समजत आलो.

एका शनिवारी आमच्याकडे दिवेलागण झाली होती, तिच्याकडे दुपार. आम्ही व्हिडिओवर बोलत होतो. बायको स्वयंपाकघरात होती. मुलगी थकलेली दिसत होती, डोळ्यांखाली काळं. बस बंद झाल्यापासून ती खोलीतल्या मुलीबरोबर कुणाच्या ना कुणाच्या गाडीतून जायची, कधी मिळायची, कधी नाही. सकाळी त्या गावात टॅक्सीही मिळत नव्हती. तेवढ्यात तिच्या दारावरची घंटा वाजली.

तिने ओठांवर बोट ठेवलं. खुर्चीतून हललीसुद्धा नाही. घंटा पुन्हा वाजली. मीही बोलणं थांबवलं, हातातली सुपारी तशीच धरून. एवढ्या लांबून माझा आवाज त्या दारापर्यंत कसा जाणार? पण मी श्वास रोखून बसलो. जिन्यावर पावलं वाजली आणि थांबली.

"गेलीं," ती हळूच म्हणाली. "मोठी निवडणूक लागल्या. सगळे येतात. हांव दार उगडिना आतां."

"बरें केलें," मी म्हणालो. खरंच म्हणालो तसं.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा आवाज बारीक होता. दारात मत मागणारं कोणी नव्हतं. ती पडलेली नगरसेविका होती. आता तिला ना मत हवं होतं, ना ती कुठे उभी होती. पण बसचं वहीत लिहिलेलं तिच्या डोक्यात राहिलं होतं. गावातला एक माणूस रोज पहाटे हॉस्पिटलच्या पुढच्या कारखान्यात कामाला जातो, त्याच्या गाडीत एक जागा आहे, हे तिने शोधून काढलं होतं आणि सांगायला सगळ्यात आधी माझ्या मुलीकडे आली होती. दोनदा घंटा वाजवली. मग वर गेली. केरळच्या मुलीने दार उघडलं. जागा एकच होती.

मी तिला वकिलाचं खरं सांगितलं. असा कोणी वकील नव्हता, मी कोणालाच विचारलं नव्हतं. मला वाटलं ती चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं.

"माका खबर आसलें," ती म्हणाली. "आईन सांगिल्लें. पूण तुमी इतके भिल्ले म्हणून हांवूय भिलें."

त्यानंतर सावंतवाडीच्या मुलीची ड्युटीची वेळ बदलली आणि माझी मुलगी एकटी पडली. आता ती चालत जाते. तिथे काळोखात साडेसहाला निघते तेव्हा इथे कोरगावात दुपारचे बारा वाजलेले असतात. निघताना ती मला फोन लावते आणि खिशात ठेवते. आम्ही बोलत नाही, वाऱ्यात काही ऐकू येत नाही. तिच्या बुटांचा आवाज येतो, मध्येच एखादी गाडी जवळून जाते आणि तो आवाज थांबतो. मग तो पुन्हा सुरू होईपर्यंत मी कानाला फोन लावून सोप्यावर बसलेला असतो. बायको जेवायला हाक मारते. मी पाऊण तास उठत नाही.