इंद्रभान आणि सरांचं कडं

धनजचा इंद्रभान कारंज्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचा हंगामी शिपाई. बावीस वर्षं काचा पुसल्या, कायम कुणी केलं नाही. उलट विभागप्रमुख दौलतराव सरांनी त्याला काढायचं पत्र लिहून ठेवलं होतं, की यानं भिंगं चुकीची पुसून यंत्र बिघडवलं. तपासणी समिती येऊन गेली की ते पत्र पुढे जाणार होतं.

यंत्रात ज्वारीच्या दाण्याहून लहान हिरा. त्यातल्या दोषावर हिरवा प्रकाश टाकला की तो लाल उजळतो. सोबत रेडिओलहरी सोडून त्यांची वारंवारता हळूहळू वाढवायची. एका ठरावीक जागी लाल उजेड मंदावतो आणि आलेखात खड्डा पडतो. जवळ चुंबक आला की एकाचे दोन खड्डे होतात. हे दौलतराव सर दरवर्षी फळ्यावर लिहून देत. फळ्यावरचं ज्ञान खाली उतरवायची मात्र त्यांना सवय नव्हती.

मुलांनी प्रयोग लावला की खड्डा एक. सर बसले की दोन, आणि खापर भिंगं पुसणाऱ्यावर. इंद्रभान वर्षभर हे मुकाट पाहत होता. सर गुडघेदुखीवर चुंबकाचं कडं घालत आणि तोच हात ऐटीत हिऱ्याच्या डबीवर टेकवत. काखेत कळसा नि गावाला वळसा. त्यानं एकदा सांगायला तोंड उघडलं, तर सर म्हणाले, शिपायानं शिपायासारखं राहावं. असल्या शहाण्याची कीव करणंही इंद्रभानला जास्तीचं वाटलं.

समितीच्या मॅडमसमोरही दोनच खड्डे पडले. सरांनी इंद्रभानकडे बोट दाखवलं, खिशातून पत्र काढलं.

पाण्याचा ट्रे खाली ठेवत इंद्रभान म्हणाला, “सर, हातातलं कडं बाहीर ठिवून या. मंग पाहा.”

सर संतापले. मॅडमनी कड्यासाठी हात पुढे केला. कडं व्हरांड्यात गेलं, आलेख पुन्हा काढला. खड्डा एक.

आपण मुद्दामच तसं करून दाखवलं, हे सांगताना सरांना लाजही वाटली नाही. समिती चहाला गेल्यावर मात्र इंद्रभानच्या खांद्यावर हात ठेवून, पत्र त्याच्या हाती देत ते म्हणाले, पत्र फाडून टाक, विषय संपला.

इंद्रभाननं खांदा सोडवला. पत्र टेबलावर उलटं ठेवलं, वर पेन ठेवला.

“मी फाडत नाई. इकडून माह्या नावानं खोटं लिवलं, आता तिकडून खरं लिवा.”

सर लिहायला लागले. सही होईस्तोवर इंद्रभान त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसून राहिला, बावीस वर्षांत पहिल्यांदा.