टेंभेकरबाईंची गाळलेली पानं

पुष्पलता माझी चाळीस वर्षांपासूनची शेजारीण. टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झाली आणि चार वर्षांपूर्वी तिचे डोळे गेले. तेव्हापासून रोज दुपारी चारला मी तिला लीलावती टेंभेकरांच्या कादंबऱ्या वाचून दाखवते. दाखवत होते, म्हणायला हवं. नागपुरात बर्डीवर फूटपाथवरही मिळतात त्या. पुष्पलतेनं एकही सोडलेली नाही. मी मराठीची एम.ए., मला त्या सोसत नाहीत. नायिका ऑफिसातून घरी येते, पाय धुते, कुकर लावते, शिट्टी होईपर्यंत ओट्याशी उभी राहून चहा पिते. झाली तीन पानं. घडलं काय? काही नाही.

जुन्या कादंबऱ्या तिला पाठ होत्या, तिथे पानं गाळायची माझी हिंमत झाली नाही. यंदा नवी आली. कुकर दिसला की मी पानं उलटायची. चारशे पानं अकरा दिवसांत उरकली.

"संपली?" पुष्पलता म्हणाली. "बाई आजारी आहे वं."

"कोण बाई?"

"टेंभेकरबाई. यावेळी कोणी धड जेवलंच नाही. नुसते धावून राहिले सगळे. कागद घे, चिठ्ठी लिहून दे तिले."

"त्यांना ढिगानं पत्रं येतात. तू काहून जीवाला लावून घेतेस?"

"तुले नाही समजत. चौतीस वर्षं लोकांचे ट्रंककॉल जोडले मी. कोणाचं बाळंतपण, कोणाची मयत, सगळं तीन मिनिटांत. ड्युटीवरून घरी येऊन मी काय करते, हे कोणी इचारलं नाही. त्या बाईनं लिहिलं. माझ्या चहावर तिनं तीन पानं घातली."

ती सांगू लागली, मी लिहू लागले. तब्येतीला जपा. डॉक्टरला दाखवा. पुस्तक घाईत संपवू नका, आम्ही थांबू. आणि शेवटी, "माझी मैत्रीण एम.ए. आहे, एक अक्षर गाळत नाही, म्हणजे चूक तिच्या वाचण्यात नाही."

हे मला लिहवेना.

"लिहिलं?"

"पुष्पे, बाई धडधाकट आहेत. पानं मीच गाळली."

"किती?"

"निम्मी असतील."

मी पहिल्यापासून वाचते म्हटलं, तर तिनं नकारार्थी मान हलवली.

"आवाज ऐकायचीच नोकरी केली मी. तुझा कंटाळा ऐकू येत होता. मले वाटलं, तू मलेच कंटाळली."

पुस्तकाला कंटाळले होते हे खरं. पण तिला एकदा विचारावंसंही वाटलं नव्हतं, की या पानांत तुला काय मिळतं.

आता वरच्या मजल्यावरची मिनल कॉलेजातून येऊन वाचते. अडखळते, पण सगळं वाचते. मीही चारला जाऊन बसते. पुष्पलता मला बस म्हणते, चहा देते. सव्वा महिना झाला, वाच म्हणाली नाही.