पनवेल मंडळीचा ठराव

लग्न होऊन मी पनवेलला आले तेव्हा आमच्या चर्चमध्ये दोन तऱ्हेची माणसं होती. प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, गुडघे टेकणारी, आणि बाकावर बसून राहणारी. गुडघे टेकणारे जुन्या इंग्रज मिशनचे. ते वेदीच्या कठड्यापाशी जाऊन एकाच प्याल्यातून घोट घ्यायचे. बाकावरचे अमेरिकन मिशनचे. त्यांच्याकडे काचेच्या इवल्या पेल्यांचा ट्रे जागेवर यायचा. या दोन्ही मंडळ्या, आणखी तीन-चार धरून, काही वर्षांपूर्वी देशपातळीवर एक झाल्या होत्या. बिशप एक झाला, घटना एक झाली, सह्या झाल्या. गुडघे मात्र आपापल्या जागी राहिले. मी बाकावरची, सासर कठड्याकडचं. लग्नाच्या जेवणात सासरे ज्याला त्याला सांगत होते, "वरच्यांनी कागदावर केलं ते आम्ही घरात करून दाखवलं."

पनवेलला पूर्णवेळ पाळक नव्हता. ठाण्याचे पाळकसाहेब महिन्यातून एका रविवारी यायचे. बाकीचे रविवार मी सांभाळायची. मी शाळेत शिक्षिका, आवाज खणखणीत, आणि बिशपसाहेबांनी मला वाचक म्हणून परवाना दिलेला. वाचकाने उपासना चालवायची, उपदेश करायचा, आजाऱ्यांकडे जायचं. प्रभुभोजन मात्र द्यायचं नाही. तो अधिकार दीक्षा झालेल्या पाळकाचा. एवढं एक सोडून पाळकाचं सगळं काम मी अकरा वर्षं केलं, आणि ते सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

दिवाळीनंतर वीटभट्ट्या लागल्या की शनिवारी दुपारी मी कोन गावाच्या बाजूला जायची. तिथे विटा थापणाऱ्या कातकरी घरांपैकी सात-आठ घरं आमच्या मंडळीतली. त्यातली एक म्हातारी फार खोकायची. एका शनिवारी ती झोपडीतून बाहेरच आली नाही. मी आत गेले तर म्हणाली, "बाई, मला परभुभोजन पायजे."

मी म्हटलं, "पाळकसाहेब पुढच्या रविवारी येतायत. त्यांना इथे घेऊन येते."

"तवर मी नाय रात. तू दे ना. तुजं हात काय येगलं हायत?"

मी शाळेतून ठाण्याला फोन केला. पाळकसाहेबांकडे त्या आठवड्यात दोन लग्नं होती. ते म्हणाले, रविवारी नक्की. म्हातारी शुक्रवारी गेली. मी तिच्या उशाशी बसून स्तोत्र वाचलं होतं. तिला स्तोत्र नको होतं.

त्या दिवसापासून मला पाळक व्हायचं होतं. मोठेपणासाठी नव्हे, असं म्हणून मी साळसूद होणार नाही. थोडा मोठेपणाही हवाच होता. पण त्या म्हातारीला 'थांब' म्हणून सांगावं लागलं, ते पुन्हा कुणाला सांगायचं नव्हतं.

दिवसही अनुकूल वाटत होते. इंग्लंडात जगभरचे बिशप जमून याच गोष्टीवर खल करत होते आणि त्याच्या बातम्या आमच्या मासिकात यायच्या. आमच्या वरच्या सभेने बायकांच्या दीक्षेला हरकत नाही असं ठरवलंही होतं. फक्त कुणाला पाठवायचं ते प्रत्येक धर्मप्रांताच्या कौन्सिलने ठरवायचं होतं. पनवेलच्या कमिटीने माझं नाव एकमताने पाठवलं. गुडघेवाले आणि बाकवाले कशावर तरी एकमत झाले याचंच मला कौतुक वाटलं.

कौन्सिलचा नियम असा होता की ठराव पाळकाने मांडायचा आणि त्याला अनुमोदन उमेदवाराच्याच मंडळीच्या प्रतिनिधीने द्यायचं. बाहेरच्याचं चालत नाही. ज्यांनी त्या माणसाला रोज पाहिलंय त्यांनीच हमी द्यावी, असा त्यामागचा हेतू. नियम शहाणाच होता. पनवेलचे प्रतिनिधी माझे यजमान होते.

अनुमोदनाची तीन वाक्यं मीच लिहून दिली. "पनवेल मंडळीच्या वतीने मी या ठरावाला अनुमोदन देतो. या भगिनीने अकरा वर्षं आमची सेवा केली आहे. तिला पाळक म्हणून स्वीकारायला आम्ही आनंदाने तयार आहोत." यांनी ती पाठ केली. दाढी करताना आरशात बघून म्हणायचे. 'भगिनी' शब्दाला अडायचे आणि हसायचे. "बायकोला भगिनी म्हणायला लावतेस होय," म्हणायचे. मीही हसायची. त्या महिन्याइतकी सुखात मी या घरात नंतर कधीच नव्हते.

कौन्सिल मुंबईला एका शाळेच्या हॉलमध्ये भरली. पुरुष पुढे, आम्ही पाहुण्या मागे. सकाळी एका ज्येष्ठ पाळकांनी तासभर भाषण केलं. बाहेरच्या देशांत या विषयावरून मंडळ्या फुटताहेत, एक बिशप दुसऱ्या बिशपाला मानेनासा झालाय, आपण किती कष्टाने एक झालो, ती एकी एका विषयापायी पणाला लावायची का, असं बरंच. ऐकताना वाटलं, ठराव जाणार. पण अनुमोदन घरचंच आहे, मतदान तरी होईलच, अशी मनाची समजूत घातली. मग चहाची सुट्टी झाली. पुरुष व्हरांड्यात उभे राहून चहा प्यायले, आम्हाला आत आणून दिला.

चहानंतर ठाण्याच्या पाळकसाहेबांनी ठराव वाचला. माझं नाव त्या हॉलमध्ये मोठ्याने उच्चारलं गेलं. अध्यक्षस्थानी बिशपसाहेब होते. ते म्हणाले, "अनुमोदन?"

यजमान तिसऱ्या रांगेत होते. मला त्यांची पाठ दिसत होती. मांडीवर फाइल होती, तिची गाठ ते सोडत होते आणि बांधत होते. मला वाटलं, कागद शोधतायत. तीन वाक्यं तोंडपाठ असून कागद कशाला हवा, असंही वाटलं.

बिशपसाहेबांनी पुन्हा विचारलं, "पनवेलचे प्रतिनिधी आहेत ना?"

यांनी मानेनेच हो म्हटलं. उठले नाहीत.

"अनुमोदनाअभावी ठराव पडला," बिशपसाहेब म्हणाले आणि पुढचा विषय घेतला. तो शाळांच्या इमारतींच्या डागडुजीचा होता. त्यावर सगळे तावातावाने बोलले.

मतदान होऊन हरले असते तर चार पुरुषांच्या नावाने बोटं मोडून मोकळी झाले असते. इथे माझ्याविरुद्ध कुणी बोटसुद्धा उचललं नव्हतं.

आम्ही एसटीने पनवेलला परतलो. स्टँडवर उतरल्यावर हे म्हणाले, "मी उभा राहिलो असतो तर फूट पडली असती. आपली मंडळी, आपलं घर, सगळंच दोन मिशनचं आहे. एकी टिकवायची तर कुणीतरी मागे सरायला हवं."

"मग तुम्ही सरायचं होतं," मी म्हटलं. "माझं नाव मागे कशाला सारलंत?"

मी रिक्षात बसले, हे चालत आले.

पुढल्या रविवारी मी उपासना चालवली. त्याच्या पुढल्याही. लोक म्हणाले, किती मोठं मन. मन मोठं वगैरे नव्हतं. कोनच्या माणसांना मी सोडू शकत नव्हते, आणि मी काम सोडलं असतं तर ठाण्याहून चारही रविवार कुणी येणार नव्हतं. कौन्सिल दर तीन वर्षांनी भरायची. पुढची भरली तेव्हा प्रशिक्षणाच्या वयाची अट मी ओलांडली होती. ते कळलं त्या दिवशी मी शाळेत चौथीच्या वर्गाला निष्कारण झोडपून काढलं. त्याची लाज अजून वाटते.

एवढं होऊनही यांच्या त्या एका शब्दावर मी संसार रेटला. एकी. वाटायचं, माणूस भित्रा आहे, पण लबाड नाही. जगभरचे बिशप ज्या भीतीने रात्रंदिवस बोलताहेत, ती भीती आपल्या साध्या कारकून नवऱ्याला वाटली तर त्याचा काय दोष. मी त्यांना असं मोठं करून घेतलं होतं. त्याशिवाय एका ताटात जेवणं शक्य नव्हतं.

मग काही वर्षांनी इंग्लंडातल्या मंडळीनेही बायकांना दीक्षा द्यायचं ठरवलं. बातमी पेपरात आतल्या पानावर होती. दुपारची वेळ. मी भिजवलेले वाल सोलत होते आणि हे ती मला वाचून दाखवत होते, अगदी उत्साहाने, एकेक वाक्य. मी म्हटलं, "आता तिथे फूट पडेल ना?"

"पडेल थोडीफार. पण म्हणून योग्य ते करायचं नाही का माणसाने?"

माझे हात थांबले. "मग तुम्ही का नाही उभे राहिलात?"

यांनी पेपरची घडी घातली. मग खाली बघून म्हणाले, "त्या दिवशी चहाच्या वेळी व्हरांड्यात तिघं-चौघं होते. मला म्हणाले, या, या, पाळकीणबाई, आता महिला मंडळात बसा, पदर घ्या."

आमच्यात पाळकाच्या बायकोला पाळकीणबाई म्हणतात. पाळकाच्या नवऱ्याला काय म्हणायचं हे तोवर कुणाला ठरवावं लागलं नव्हतं.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच."

"आणि एकी?"

"ते सकाळच्या भाषणातलं. एसटीत बसल्यावर आठवलं."

मी वाल सोलायला घेतले. दोन-चार सोलले. मग विचारलं, "ते तसं म्हणाले तेव्हा तुम्ही काय केलंत?"

"हसलो," हे म्हणाले. "सगळ्यांबरोबर."

बसून राहणं मी कसंबसं पचवलं होतं. ते हसणं आजही माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.