मंगलच्या अंगावरचं चिलखत

दसऱ्यानंतरचा पहिला रविवार, सकाळ. ठिकाण – शिरूर कासार, माझा धाकटा भाऊ बाळू याचं घर. हजर – मी. बाळूची बायको मंगल. आणि बाळूचा मित्र सलीमभाई, ज्याचं बसस्टँडजवळ गॅरेज आहे. बाळू नव्हता. तो श्रावणात हार्ट अटॅकने गेला.

मी अंबाजोगाईला एका वसतिगृहाचं स्टोअर सांभाळते. आलं किती, गेलं किती, उरलं किती... यात जे बसत नाही त्याला मी चूक म्हणते, चमत्कार नाही. घरात कुणी करणी-उताऱ्याचा विषय काढला की मी उठून भांडी घासायला जायचे. हे आधीच सांगून ठेवते.

बाळू आणि मंगल दरवर्षी ऊसतोडीला जायचे. टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, एकट्या माणसाला अर्धा कोयता. हंगाम संपला की बाळू सलीमभाईने जुन्या भागांतून जोडून दिलेल्या कॉम्प्युटरवर एक खेळ खेळायचा. भाडोत्री सैनिकांची टोळी जमवायची, कुणासाठी तरी लढायचं, जिंकलेल्या सामानातून माणसांना चांगली चिलखतं द्यायची. तिथंही तो माणसं जोडीनेच घ्यायचा आणि त्यांना आपल्या टोळीतली नावं द्यायचा. स्वतः पुढच्या रांगेत कुऱ्हाड घेऊन, मंगल मागे तिरंदाज.

सामानाचा हिशेब मात्र माझ्याकडे. ड्युटीवर असताना फोन यायचा – "अक्का, हे जाळीचं चिलखत कुनाला देऊ?" मी वजन विचारायचे, कोण किती मार खातो ते विचारायचे आणि सांगायचे. एक नियम त्याचाच होता – तिरंदाजाला जड चिलखत द्यायचं नाही. माणूस दमतो, बाण चुकतात.

त्या रविवारी मी आले होते मंगलला थांबवायला. दिवाळी झाली की ती तिच्या धाकट्या भावाबरोबर टोळीत जाणार होती. गेल्या हंगामात उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना ती पडली होती. कंबर तेव्हापासून धड नाही. उरलेला हंगाम तिच्या वाट्याच्या मोळ्याही बाळूनेच चढवल्या. मी माझ्या मेसमध्ये तिच्यासाठी काम बघून ठेवलं होतं, राहायला खोलीसुद्धा.

"आता मोळ्या कोण चढवणार?" मी विचारलं.

"बघू की."

"बघू म्हणजे?"

"अक्का, हितं भिताडाकडं बघत बसू का? माजी मान्सं टोळीत हायेत."

सलीमभाई कॉम्प्युटर न्यायला आला होता, कारण घराला कुलूप लागणार होतं. वायरी काढायच्या आधी म्हणाला, "एकदा बघू का, बाळ्यानं टोळी कुटं थांबवली ते?"

खेळ उघडला. टोळी नदीच्या उताराशी उभी, पलीकडे दरोडेखोर. माणसांची यादी काढली. बाळूच्या अंगात नुसता सदरा होता. पत्र्यांचं जड चिलखत – टोळीतलं सगळ्यात भारी – मंगलच्या अंगावर.

"हे बाळ्याच्या अंगावर होतं," सलीमभाई म्हणाला. "मी शेजारी बसलेलो. त्यानंच सोताला घातलं, त्यानंच सेव्ह केलं."

बाळूची चूक असेल म्हणून मी ते मंगलच्या अंगावरून काढून बाळूला दिलं. सेव्ह केलं, बंद केलं. चहा झाला. परत लावलं तर चिलखत मंगलकडे.

मी सलीमभाईकडे पाहिलं.

"माज्याकडं कावून बघता, अक्का? मी चहा पीत होतो!"

मग मी माझ्या पद्धतीने तपासलं. इंटरनेट नव्हतंच. चिलखत परत बाळूला दिलं, मोबाइलवर फोटो काढला, कॉम्प्युटर बंद केला. सलीमभाईला त्याची वायर हातात देऊन अंगणात उभं केलं. मंगल माझ्यासमोर बसलेली. थोड्या वेळाने लावलं... मंगलकडे. तेच चिलखत टोळीतल्या दुसऱ्या एका गड्याला देऊन पाहिलं. त्याच्याकडे ते नीट राहिलं. म्हणजे खेळात बिघाड नाही. फक्त बाळूला दिलं की मंगलकडे जायचं.

सलीमभाईने हसायचा प्रयत्न केला. "जित्तेपनी कदी येळंवर आला न्हाई बे तू, आन आता..." तो अंगणात जाऊन उभा राहिला.

मला अर्थ स्पष्ट दिसला. "बघ मंगल, त्याला तुझी काळजी आहे. तो तुला जाऊ नको म्हणतोय."

मंगल पडद्याकडे बघत होती. रडत नव्हती. पदर नीट केला आणि म्हणाली, "चिलखत घालून घरात कोन बसतं, अक्का?"



दिवाळीनंतर ती गेली. कॉम्प्युटर मी अंबाजोगाईला माझ्या क्वार्टरवर आणला. सलीमभाई आता त्याला हात लावायला तयार नव्हता. एका सुट्टीच्या दिवशी दुपारी मी खेळ उघडला. खोलीत मी एकटी, बाहेर मुलींचे कपडे वाळत होते. चिलखत मंगलच्याच अंगावर होतं. पण ती आता पुढच्या रांगेत होती. आणि तिच्याशेजारी बाळू. तसाच, सदऱ्यावर.

 दुसऱ्या एका गड्याचं चिलखत काढून बाळूला घातलं. बंद करून परत लावलं. ते ज्याचं होतं त्याच्याकडे परत गेलेलं, बाळू पुन्हा सदऱ्यावर.

त्याच संध्याकाळी मंगलचा उसाच्या फडातून फोन आला. मी कंबरेचं विचारलं.

"दुकत न्हाई," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "अक्का, कुनाला सांगू नका. फळीवर चढताना मोळी हलकी हुती. मागून कुनीतरी हात लावल्यावानी. भाऊ तर खाली उभा असतो."

मी तिला बाळू कुठे उभा आहे ते सांगितलं.

"मी येस्तोवर लडाई लावू नका," ती म्हणाली. "सदऱ्यावर हायेत ते."

हे कसं होतं, मला माहीत नाही. मी कॉम्प्युटर जाणणाऱ्या एकाला दाखवलं, त्यालाही काही सापडलं नाही. कुणाला कळत असेल तर जरूर लिहा, मी ऐकून घेईन.

मला एवढंच समजलंय की तो दुसऱ्याच्या अंगावरचं घेत नाही. त्याच्यासाठी नवंच घ्यावं लागणार. चिलखतांचा बाजार नदीपलीकडच्या गावात आहे, वाटेत दरोडेखोर आहेत, आणि पहिला बाण पुढच्या रांगेवरच येतो. मी रोज ड्युटीवरून आले की खेळ उघडते, दोघं शेजारी उभी आहेत ते बघते, आणि बंद करते.

बाळूसाठी चिलखत घ्यायचं अजून राहिलंय.