सगुणाबाईचं अंगण

आंदर मावळातल्या सगुणाबाईचा नवरा वारून चार वर्षं झाली होती. तेव्हापासून तिचा दीर खंडूजी आपली बैलगाडी सरळ तिच्या अंगणातून हाकायचा. अंगण तिच्या वाटणीचं होतं, पण तसं तोंडावर सांगायची तिची छाती झाली नव्हती.

सन छत्तीसच्या सुगीत तिनं धनगराकडून कुत्र्याचं पिल्लू आणलं. ते पडू नये म्हणून धान्याच्या पेवावर फरशी सरकवली, उंदरांचं औषध आढ्याला टांगलं. तिसऱ्या दिवशी उन्हात निजलेल्या पिल्लाच्या शेपटीला घासून गाडीचं चाक गेलं. सगुणाबाई ओरडत धावली, तर खंडूजी वरूनच म्हणाला, "कुत्र्यानं जागा बघून निजावं."

त्याच दुपारी ती कोयता घेऊन रानात गेली. हात रक्ताळले तरी करवंदीच्या जाळ्या तोडून आणल्या आणि अंगणाला दोन्ही अंगांनी कुंपण घातलं.

सकाळी बैल काट्यांपुढं थबकले.

"वैनी, एका कुत्र्यापायी माजी वाट आडवली?"

"वाट न्हाई भावोजी, आंगण हाय माजं. कुत्रं नव्हतं तवाबी माजंच हुतं."

"चार मान्सं बोलवीन!"

"बोलवा. त्यांच्या म्होरंबी ह्येच बोलंन."

ती जागची हलली नाही. शेवटी खंडूजीनं बैल वळवले. माणसं त्यानं कधीच बोलावली नाहीत. गाडी तळ्याकडून जायला लागली.

पिल्लू मात्र कुंपणाचा काटा चघळायला निघालं होतं. सगुणाबाईनं त्याला उचलून काखोटीला मारलं आणि ती घरात गेली.