पाठ बघणारी नसरीन

नसरीनला पेशंटचं तोंड बघायची सवय नव्हती. माणूस आत आला की ती म्हणायची, "वळा, पाठ करा." काय होतंय ते नंतर विचारायची. कोपरगावात एका औषधाच्या दुकानामागच्या खोलीत ती फिजिओथेरपी करायची. पोरगी पुणतांब्याची, वय माझ्या नातीएवढं, बोलणं सासूसारखं.

मी गेले ते मानेसाठी. डावीकडे मान अशी आखडायची की गाईची धार अर्ध्यात सोडून उठावं लागे. माझा मुलगा दत्तू म्हणाला, "आई, दसऱ्यापत्तुर बघतो, न्हाईतर दोन्ही गाई इकून टाकू." मुलाला आईची फार काळजी. गाई माझ्या, धार मी काढायची, विकायचं मात्र त्याने ठरवलं. मग मी दिवसभर सुनेबरोबर मालिका बघायच्या. त्यापेक्षा मान दुखलेली बरी.

त्याआधी एका डॉक्टरांनी मानेला पट्टा दिला होता. पंधरा दिवस घाला म्हणाले, मी चार महिने घातला. चांगली वस्तू, टाकवेना. बाजूने कोण गेलं ते दिसायचं नाही, त्यामुळे निम्मी भावकी रुसली. पट्ट्याचा फायदा झाला तो एवढाच.

नसरीनने तो काढून ठेवला. मला हात वर करायला लावून मोबाईलवर पाठीचा फोटो काढला आणि दाखवला. सत्तराव्या वर्षी मी माझी पाठ पहिल्यांदा पाहिली. इतकी वर्षं ती न बघून फार काही बिघडलं नव्हतं. डाव्या खांद्यामागचं पसरट हाड, ज्याला आम्ही फरा म्हणतो, ते कोंबडीच्या पंखासारखं बाहेर आलं होतं.

"आजी, मान गरीब हाय तुमची," ती म्हणाली. "काम चुकवतोय हा फरा. त्याच्या वाटचं वझं मान वढती, आन शिव्या बी तीच खाती."

"आमच्या घरात बी असंच हाय," मी म्हणाले.

मग भिंतीला तळवे लावून भिंत ढकलायची, फरे मागे आणि खाली ओढायचे, असले उद्योग सुरू झाले. माझे खांदे वर चढले की ती विचारायची, "कानाला का लावताय? काय ऐकायचंय त्यास्नी?" दिवसातून तीनदा दहा-दहा वेळा सांगितलं होतं. मला कामं सकाळी उरकायची सवय, म्हणून मी तीसही एकदम उरकले. दुसऱ्या दिवशी तांब्या उचलेना.

"तीन येळच्या भाकरी सकाळीच खाता का?" एवढंच बोलून तिने पुन्हा भिंतीपाशी उभं केलं.

दसऱ्याला चार दिवस राहिले तेव्हा मी धार कशी काढते ते बघायला ती संध्याकाळी स्कूटीवर आमच्या घरी आली. एक गाय मला बिनतक्रार जमू लागली होती. दुसरीला मान धरायचीच. मी नसरीनला अंगणातच गाठलं. "दत्तूला सांग, दोन्ही जमत्यात."

"खोटं बोलायचं आसतं तर पट्टेच वाटत बसले आसते," ती म्हणाली आणि गोठ्यात शिरली.

मी गाईच्या पोटाला डोकं लावून, डावा खांदा वर घेऊन बसत होते. तिने मला पाटावर बसवलं, डोकं सुटं करायला लावलं. पहिली गाय झाली. दुसरीला निम्म्यातच मी थांबले. दत्तू दारात उभाच होता. "बगा, म्हनलं हुतं ना मी? हुत न्हाई तिला."

"एक जमती," नसरीन म्हणाली. "दुसरीची धार तुमी काढा."

"मी?"

"दोन हात हायेत की."

"मला कुटं येती धार?"

"आजी शिकवत्याल. बसा."

बादली तिने त्याच्या हातात दिली. परक्या पोरीसमोर नाही म्हणायची त्याला लाज वाटली. गाईने शेपटीचा एक तडाखा दिला, तोही त्याने मुकाट्याने खाल्ला.

पुढे नसरीन नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात नोकरीला गेली. मी निरोप द्यायला गेले नाही. मान बरी असताना कोपरगावापर्यंत कशाला जायचं? पण अजून कुणी पाठमोरं उभं दिसलं की मी त्याचे फरे बघते.

दोन्ही गाई गोठ्यात आहेत. दत्तू रोज पहाटे कण्हत एकीची धार काढतो आणि नसरीनच्या नावाने बोटं मोडतो. बेचाळीस वर्षं मी त्याची आई आहे. त्याला गाईखाली बसवावं, हे मला एकदाही सुचलं नव्हतं.